आईला पाहिल्याशिवाय नाही

थेल्मा रॅमस्डेनने एकोणतीस वर्षं बस चालवली आणि तेवढ्या वर्षांत गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय ती एकदाही सीटवर बसली नाही. डेपोत बर्फ असो, धुकं असो, बाई हातात बॅटरी घेऊन टायर बघणार, दिवे बघणार, दार दोनदा उघडून लावणार. बाकीचे ड्रायव्हर कागदावर पटापट खुणा करून मोकळे व्हायचे. "काल मीच आणून लावलीय ती, काय धाड भरलीय तिला?" असं कुणी म्हणालं तर थेल्मा म्हणायची, "तू लावलीस म्हणूनच बघतेय."

यॉर्कशरमधल्या कॅल्डर खोऱ्यातल्या आमच्या गावच्या डेपोत ती पहिली बाई ड्रायव्हर. पहिल्या वर्षी पुरुषांनी तिच्या चुका मोजल्या, दुसऱ्या वर्षी टोमणे मारले आणि तिसऱ्या वर्षापासून साहेबाशी भांडायचं असलं की तिलाच पुढे घालू लागले. वेळेच्या आधी ती कधी निघाली नाही आणि वेळ झाल्यावर कुणासाठी थांबली नाही. एकदा खुद्द महापौर गळ्यातली मानाची साखळी सावरत धावत आले. थेल्माने त्यांना आरशात पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि गियर टाकला. गावात ही गोष्ट अजून सांगतात आणि दर खेपेला महापौर थोडे जास्त लठ्ठ होतात.

ही झाली सीटवरची थेल्मा. सीटवरून उतरली की ती आम्हा सगळ्यांसारखीच. यॉर्कशरचा माणूस तोंडावर बोलायला भीत नाही, अशी आमची आमच्याबद्दल फार जुनी समजूत आहे. पाऊस, क्रिकेट आणि शेजारणीचा केक एवढ्यापुरती ती खरी आहे. पण कुणी आपल्यासाठी तसदी घेतली, लांबून आलं, समोर चहाचा कप ठेवला, की आमची वाचाच बसते. न्हाव्याने केसांची पार वाट लावली तरी आम्ही आरशात बघून "छान" म्हणतो, वर बक्षिसी देतो आणि घरी येऊन टोपी घालून बसतो. थेल्मा यातलीच, आणि तिचा नवरा क्लिफर्ड तर यातला मेरुमणी.

तो निवृत्त झाला त्या वर्षी दोघांनी कुत्रा घ्यायचं ठरवलं. क्लिफर्डला केसाळ कुत्र्याजवळ बसलं की दम लागायचा, म्हणून कॉकापू. कॉकर आणि पूडल यांची ही मिश्र जात तेव्हा नुकतीच सगळ्यांच्या तोंडी झाली होती. केस गळत नाहीत म्हणे, आजार होत नाहीत म्हणे. इंटरनेटवर जाहिरात सापडली. फोनवरचा माणूस इतका गोड, की काय सांगावं. "तुम्ही या वयात एवढ्या लांब कशाला येता? मीच येतो अर्ध्या वाटेत."

अर्धी वाट म्हणजे मोटरवेवरचा पेट्रोल पंप आणि त्याच्या पलीकडची गाड्या लावायची जागा. नोव्हेंबरचा पाऊस. माणसाने व्हॅनचं मागचं दार उघडलं, आत एकावर एक पुठ्ठ्याची खोकी होती. त्यातल्या एकातून त्याने मूठभर पिल्लू काढलं. ते थरथरत होतं.

"याची आई कुठाय?" क्लिफर्डने विचारलं.

"घरी. प्रवास सोसत नाही हो तिला."

क्लिफर्डने थेल्माकडे पाहिलं, थेल्माने क्लिफर्डकडे. काहीतरी गडबड आहे, हे दोघांनाही त्याच क्षणी कळलं होतं. पण तो माणूस दीड तास पावसात गाडी हाकत आला होता. पिल्लाला गुंडाळायला त्याने लोकरीचा तुकडासुद्धा आणला होता. आता नाही कसं म्हणायचं? दोघांनी पैसे दिले, आभार मानले आणि सावकाश जा म्हणून त्याला हातही केला.

पिपचं, म्हणजे त्या पिल्लाचं, आतडं आधीच सडत आलेलं होतं. नवव्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर ते गेलं. त्या माणसाचा फोन तेव्हा लागतच नव्हता. त्या दिवसापासून क्लिफर्डने मोटरवे सोडला. थोरल्या बहिणीकडे जायचं असलं तरी तो माळावरच्या जुन्या रस्त्याने जायचा, चाळीस मिनिटं जास्त लागली तरी. थेल्माने एकदाच विचारलं, "असं किती दिवस?" तर म्हणाला, "मला ती जागा बघवत नाही. मी बारीक आवाजात का होईना, नाही म्हणायला हवं होतं." तीन वर्षांपूर्वी तो गेला, तोवर त्याने तो पंप पुन्हा पाहिला नाही.

क्लिफर्डच्या माघारी घर खायला उठलं. थेल्मा दोन वर्षं चर्चच्या कपाटातल्या चादरी नीट लावत बसली, आणि मग एका सकाळी तिने आपल्या नणंदेला, आयव्हीला, जाहीर केलं, "मी कुत्रा घेणार."

"पुन्हा?" आयव्ही म्हणाली. आयव्ही क्लिफर्डची धाकटी बहीण, तीन घरं सोडून राहणारी, मनाने लोण्याचा गोळा आणि तोंडाने अखंड रेडिओ.

"पुन्हा नाही. या खेपेला नीट. आईला पाहिल्याशिवाय नाही, ती जिथे व्याली त्या घरात पाहिल्याशिवाय नाही. आता तर कायदाच आहे तसा. आणि सगळं बघून होईपर्यंत कुणाच्या घरचा चहा घ्यायचा नाही."

आयव्हीचा चेहरा पडला. "चहा नाही? अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"बिस्किट?"

"बिस्किटही नाही. आयव्ही, चहा प्यायला की मी विकली गेले म्हणून समज."

पहिल्या महिन्यात तिने वहीत नावं लिहून फोनवरच अकरा जणांना बाद केलं. एकाने पिल्लू घरपोच देतो म्हटलं. एकीच्या घरी एकाच वेळी पाच जातींची पिल्लं होती. एकजण म्हणाला, "आजच पैसे पाठवा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभंय." थेल्मा म्हणाली, "मग त्याला आत घ्या, पाऊस पडतोय." बाराव्या जाहिरातीत मात्र बोट ठेवायला जागा नव्हती. घरात वाढलेली पिल्लं, आई दाखवू, पिल्लं विकायच्या कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, परवान्याचा क्रमांक खाली छापलेला. लिंकनशरच्या सपाट मुलखातला एक बंगला. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी थेल्मा आणि आयव्ही तिथे जाऊन पोचल्या.

शेरिल नावाच्या बाईने दार उघडलं. नीटनेटकी, हसरी, अंगाला व्हॅनिलाचा वास. "या हो या, किती लांबून आलात! आधी गरम चहा घ्या, मग बघू आपल्या बाळाला."

"मला नको," थेल्मा म्हणाली.

"अहो, असं कसं? किटली लावलीसुद्धा."

"नको, खरंच."

शेरिलने असं पाहिलं, की जणू थेल्माने गालिच्यावर चिखल आणला. आयव्ही लाजून चूर झाली आणि नुकसानभरपाई म्हणून तिने स्वतः दोन कप घेतले, शिवाय लिंबाच्या केकचा मोठा तुकडा.

बैठकीच्या खोलीत एका टोपलीत पिल्लू होतं, जर्दाळूच्या रंगाचं. शेजारी गादीवर सोनेरी कॉकर कुत्री आडवी झाली होती. "ही बेला, आई," शेरिल म्हणाली. "सहा होती. आठ आठवड्यांची झाली तशी हातोहात गेली, हे एकच राहिलंय."

थेल्मा गुडघे धरत खाली बसली. पिल्लू टोपलीतून बाहेर आलं, तिच्या मांडीवर चढलं, दोन श्वासांत झोपी गेलं. त्याचं पोट डफासारखं ताणलेलं होतं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळी घाण वाळली होती. थेल्माने त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि तिच्या छातीत असं काही हललं, जे क्लिफर्ड गेल्यापासून हललं नव्हतं. तिला ते पिल्लू हवं होतं. पोटातून हवं होतं. तिच्याशी कुणी त्या क्षणी वाद घातला असता तर ती हरली असती.

पण सवय मोडत नाही. "माझा चष्मा गाडीत राहिलाय," म्हणून तिने पिल्लू आयव्हीकडे दिलं आणि बंगल्याभोवती एक फेरी मारली. मागची बाग गुळगुळीत होती. उकरलेला खड्डा नाही, चावलेला चेंडू नाही, पाण्याचं भांडं नाही, घाण तर नाहीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फरशी दिसली, तीही कोरी. सहा पिल्लांनी आठ आठवडे काढले म्हणे या घरात! थेल्माच्या शेजारणीकडे एक म्हातारा कुत्रा आहे, तर तिची बाग लढाई होऊन गेल्यासारखी दिसते.

ती आत आली आणि या खेपेला तिने पिल्लाकडे न बघता कुत्रीकडे पाहिलं. पोट सपाट, आचळं सुकलेली. दोन महिन्यांपूर्वी व्यालेल्या कुत्रीचं अंग असं नसतं. थेल्माने हाक मारली, "बेला." कुत्रीचा कान हलला नाही. आयव्हीच्या मांडीवरून पिल्लू उतरून धडपडत तिच्याकडे गेलं, तशी ती उठली, दारापाशी जाऊन बसली आणि दाराच्या फटीला नाक लावून कुंईकुंई करायला लागली. तिला घरी जायचं होतं आणि हे तिचं घर नव्हतं.

"ही याची आई नाही," थेल्मा म्हणाली.

शेरिलचं हसू जागेवरून हललं नाही. "काय बोलताय तुम्ही! दमलीय ती. पिल्लांना कंटाळतात हो आया."

"पिल्लं झोपायची कुठे, दाखवा."

"लसीचं चाललंय ना, बाहेरच्या माणसाला तिकडे नेता येत नाही."

"बापाचे कागद? डोळ्यांची तपासणी?"

"मिश्र जातीला काही लागत नाही त्यातलं. म्हणून तर लोक घेतात." मग तिने आवाज खाली आणला आणि वर्मावर बोट ठेवलं. "बघा बाई, तुमची मर्जी. पण तुम्ही नाही नेलं तर काय होणार या बिचाऱ्याचं?"

आयव्हीने केकची बशी गुडघ्यावर घट्ट धरली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "घेऊन टाक गं थेल्मा. आपण बरं करू त्याला. केक केलाय बाईने."

पिल्लू परत थेल्माच्या बुटावर येऊन बसलं होतं. तिने त्याला उचललं, टोपलीत ठेवलं, त्याच्या अंगाखालचा टॉवेल नीट केला. बोलताना आवाज मात्र बसमधला निघाला, मागच्या सीटपर्यंत पोचणारा. "मी हे नेलं, तर पुढच्या शनिवारी या टोपलीत दुसरं असेल. आम्ही निघतो."

"दोन कप चहा ढोसून?" शेरिल म्हणाली. व्हॅनिलाचा वास एकदम उतरला.

"तो हिने ढोसला," थेल्मा म्हणाली. "आयव्ही, पर्स घे."

परतताना गाडीत आयव्ही डॉनकास्टर येईपर्यंत हमसून हमसून रडली. थेल्माने कडेला गाडी थांबवून कौन्सिलला फोन लावला, पत्ता दिला, परवान्याचा क्रमांक दिला. शनिवारी तिथे कुणी नव्हतं, यंत्रावर निरोप ठेवावा लागला. सोमवारी पुन्हा केला, बुधवारी पुन्हा. तो क्रमांक भलत्याच गावच्या भलत्याच माणसाचा निघाला. दुसऱ्या आठवड्यात कौन्सिलचा माणूस जाऊन पोचला तेव्हा बंगला रिकामा होता, भाड्याचा होता तो. पिल्लाचं काय झालं ते थेल्माला कधीच कळलं नाही. आयव्ही तीन आठवडे तिच्याशी बोलली नाही. "मरायला टाकून आलीस त्याला," एवढं एक वाक्य तिने दाराच्या फटीतून टाकलं होतं. थेल्माकडे त्याला उत्तर होतं, पण ते मनात शंभरदा म्हणूनही तिला हलकं वाटत नव्हतं. आपण केलं ते बरोबर होतं आणि पिल्लू त्या टोपलीतच राहिलं होतं, दोन्ही खरं होतं.

दुसरी कुणी असती तर तिथेच नाद सोडती. थेल्माने पुन्हा वही उघडली.

गावातल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनीच तिला हेस्टर बर्कबेकचं नाव सांगितलं. "जाहिरात करत नाही ती. माणूस तुसडं आहे, आधीच सांगते." हेस्टरचं घर स्किप्टनच्या पुढे, मेंढ्यांच्या कुरणांत. घरात तेव्हा एकही पिल्लू नव्हतं, टॅन्सी नावाची कुत्री अजून माजावरही यायची होती. "तरी या," हेस्टर फोनवर म्हणाली. "पिल्लू दिसलं की माणसाचं डोकं चालत नाही. आधी कुत्री बघा."

थेल्मा पोचली तर हेस्टरने अर्धंच दार उघडलं. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची, स्वेटरभर कुत्र्याचे केस. "बूट त्या औषधाच्या पाण्यात बुडवा," हे तिचं स्वागत. चहाचं नाव नाही. थेल्माने बूट बुडवले आणि सवयीने अंगणाला फेरी मारायला निघाली. बादल्या, उकरलेली माती, कुरतडलेलं बाकडं, दोरीवर वाळत घातलेल्या सतरा फाटक्या चादरी.

"काय शोधताय?" हेस्टरने मागून विचारलं.

"असेल ते."

"मग त्या मागच्या कोठारातही बघा. तिकडे कुणी जात नाही." आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाचा एक कोपरा जरा वर गेला.

टॅन्सी, तांबूस कॉकर, धावत येऊन थेल्माच्या गुडघ्यांवर आदळली, मग हेस्टरने नुसतं "ए" म्हटल्यावर खाली बसली. स्वयंपाकघरात हेस्टरने कागद टेबलावर टाकले. टॅन्सीचे, आणि दोन गावं पलीकडच्या पूडलचे. थेल्माने कागदावरचा क्रमांक आणि टॅन्सीच्या मानेत कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा क्रमांक यंत्रावर ताडून पाहिला, एकेक आकडा.

"हे डोळ्यांचं कशाला?" तिने मुद्दाम विचारलं. "मिश्र जातीला आजार होत नाहीत ना?"

"कोण म्हणतं? कॉकरमध्ये आंधळेपणाचा एक आजार आहे, तोच पूडलमध्येही आहे. दोघांकडून आला तर पिल्लू पाच-सहा वर्षांत भिंतीवर आपटायला लागतं. म्हणून दोघांची तपासणी."

"आणि केस गळत नाहीत?"

"काहींचे गळतात, काहींचे नाही. पिल्लू आईवर जाईल की बापावर, ते मला पोटात शिरून बघता येत नाही. केसांची खात्री हवी असेल तर खेळण्यातला कुत्रा घ्या." मग तिने खुर्ची ओढली. "आता माझी पाळी."

आणि सुरू झालं. घरात जिने किती? बागेचं कुंपण केवढं? दिवसातून एकटं किती वेळ राहील? गुडघे कसे आहेत? पंपावर पिल्लू घेतलं होतं, हे थेल्माने आपणहून सांगितलं. हेस्टर मान न हलवता ऐकत राहिली. मग तिने थेल्माला टॅन्सीचा पट्टा हातात देऊन समोरची चढण चढायला लावली आणि स्वतः दारात उभी राहून बघत बसली. वर पोचेपर्यंत थेल्माला धाप लागली. बाईला कुत्रा द्यायचाय की मला खाणीत कामाला घ्यायचंय, असा विचार तिच्या मनात आला, पण तिने पाऊल थांबवलं नाही.

"वय?" खाली आल्यावर हेस्टरने विचारलं.

"एकोणसत्तर."

"ही कुत्री पंधरा वर्षं जगतात."

"माझी आई ब्याण्णव वर्षं जगली."

"ते तुमच्या आईचं झालं. तुमचं काही बरंवाईट झालं तर कुत्रा सांभाळणारं दुसरं माणूस मला कागदावर हवं. तेही जमलं नाही तर तो परत इथेच यायचा, दहा वर्षांनी का होईना. दुसऱ्याला परस्पर द्यायचा नाही. हे कबूल नसेल तर आत्ताच सांगा, तुमचा वेळ वाया नको."

थेल्मा घरी आली आणि सरळ आयव्हीच्या दारात जाऊन उभी राहिली. आयव्हीने दार उघडलं, फुगलेल्या तोंडाने.

"मी मेले तर माझा कुत्रा सांभाळशील?"

"कधी मरणार आहेस?"

"ठरलं नाही अजून."

"मला कुत्री आवडत नाहीत, थेल्मा."

"माहितीय."

"सोफ्यावर चढलेला चालणार नाही मला." मग तिने डोळे पुसले. "ये आत. कुठे सही करायची ते दाखव."

आठ महिने गेले. आयव्हीने मधल्या काळात किमान वीस जाहिराती दाखवल्या, "हे बघ, परवा मिळतंय." थेल्माने एकीकडेही मान वळवली नाही. टॅन्सी व्याली, सहा पिल्लं झाली. चौथ्या आठवड्यापासून हेस्टरने भेटायला येऊ दिलं आणि दर रविवारी थेल्मा माळावरच्या रस्त्याने स्किप्टनला जाऊ लागली. पिल्लू निवडायची मुभा तिला नव्हतीच. हेस्टर रोज बघत होती, कोण धटिंगण, कोण भित्रं, आणि तिनेच ठरवलं, "तो मातकट रंगाचा. शांत आहे, पण हट्टी. तुमचं जमेल." थेल्माने त्याचं नाव वॉल्टर ठेवलं. घरी टोपली आली, भांडं आलं, कुंपणाची खालची फळी बदलून झाली.

न्यायच्या चार दिवस आधी सकाळी फोन वाजला.

"हेस्टर बोलतेय. काल डॉक्टर येऊन सगळ्या पिल्लांना तपासून गेले. वॉल्टरच्या हृदयात आवाज येतोय, फुसफुस असा. मंद आहे. बऱ्याच पिल्लांचा मोठं होताना जातो, काहींचा नाही जात. त्याला मी आत्ता देणार नाही, सोळा आठवड्यांचा झाला की मोठ्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेईन. त्याची बहीण ठणठणीत आहे, ती हवी तर शनिवारी न्या. नाहीतर आगाऊ दिलेले पैसे उद्याच परत."

थेल्मा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?"

"एखाद्या वर्षाने. कदाचित तेव्हाही नाही."

"मग मला का सांगितलंत?"

पलीकडे हेस्टर गोंधळली. "म्हणजे? काल संध्याकाळीच सांगणार होते, पण तुमचा फोन लागला नाही."

तिला प्रश्नच समजला नव्हता. थेल्माने फोन ठेवला आणि त्या पायरीवर बसून ती मनसोक्त रडली. वॉल्टरसाठी थोडं, पण जास्त क्लिफर्डसाठी. त्या बिचाऱ्याला मरेपर्यंत वाटत राहिलं, की दोष आपल्या बुळेपणाचा. खोक्यावाल्या माणसाने पावसात खरं सांगितलं असतं, तर नाही म्हणायची वेळच कुणावर आली नसती.

वॉल्टरची बहीण न घेता थेल्मा त्याच्यासाठीच थांबणार, हे आयव्हीला कळलं तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "मला आता एक सांग. तिकडे पिल्लू आजारी दिसलं तर ते सोडून आलीस, मी गळा काढला तरी ऐकलं नाहीस. आणि इथे आजारी आहे असं स्वतः सांगताहेत, तर तोच हवा? डोकं ठिकाणावर आहे ना?"

थेल्मा म्हणाली, "तिथे मी ते घेतलं नाही तर त्याचं काय होईल, याची भीती मला विकत होती ती बाई. वॉल्टरचं काय होईल सांगू? मी नाही नेला तर हेस्टरकडे राहील, आईशेजारी झोपेल, बाकडी कुरतडेल. त्याला माझी दया नकोय आणि मला कुणी गळ घालत नाहीये. मला तो हवाय, एवढंच आहे."

"आणि उद्या त्याचं हृदय बंद पडलं तर?"

"तर पडेल. माझंही पडेल. सही केलीयस तू."

आणखी आठ आठवडे ती दर रविवारी गेली, पाऊस असो, गारा असोत. वॉल्टरच्या बहिणीला लँकेस्टरच्या एका जोडप्याने नेलं, बाकीचीही गेली. वॉल्टर राहिला, पाय लांब होत गेले, थेल्माची गाडी ओळखून फाटकाशी धावत यायला लागला. सोळाव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर त्याचं हृदय पाहिलं. आवाज गेलेला नव्हता. झडप जराशी गळत होती. धावेल, खेळेल, असं ते म्हणाले, पुढे कधीतरी गोळ्या लागतील, आयुष्य थोडं कमी असू शकेल, किती ते कुणी सांगू शकणार नाही.

त्या रविवारी हेस्टरने डॉक्टरांचं पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलं आणि थेल्माने ते शेवटपर्यंत वाचलं. वॉल्टर टेबलाखाली थेल्माच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला होता.

"विचार करा," हेस्टर म्हणाली. "नाही म्हणालात तर मला राग येणार नाही. तो इथे सुखात आहे."

"माहितीय मला," थेल्मा म्हणाली. "म्हणून तर हो म्हणता येतंय."

हेस्टरने स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि खिशातून पेन काढून दिलं.